पुढचे वाक्य समोरच्याकडे असते

हातात संहिता नसताना आणि आधी काहीही ठरवलेले नसताना, दोन किंवा अधिक माणसांनी समोरासमोर उभे राहून जागच्या जागी प्रसंग घडवणे म्हणजे उत्स्फूर्त अभिनय. त्याविषयी गेल्या काही महिन्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली असली, तरी त्यांचा आशय मूळचाच आहे.

प्रश्न : मी ५१ वर्षांची असून एका कार्यालयाच्या लेखा विभागात काम करते. सातवीत असताना स्नेहसंमेलनातल्या नाटकात मला एकच वाक्य होते. ते मी विसरले, बाईंनी विंगेतून मोठ्याने सांगितले आणि सगळे सभागृह हसले. त्यानंतर मी कधीही मंचावर गेले नाही. आता मुलगी आग्रह करते आहे की रविवारी सकाळी होणाऱ्या उत्स्फूर्त अभिनयाच्या वर्गाला मी जावे. मला पटकन काही सुचत नाही आणि विनोद तर मुळीच जमत नाही. घरी आणि कार्यालयातही मी ‘तुम्ही सांगाल तसे’ म्हणणारी बाई म्हणून ओळखली जाते. अशा व्यक्तीने या वयात तिथे जावे का, आणि गेल्यास नेमका लाभ काय?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यापूर्वी एक गैरसमज दूर व्हायला हवा, कारण तो मनात घेऊन आलेली माणसे पहिले तीन-चार रविवार विनाकारण त्रास सोसतात. उत्स्फूर्त अभिनय ही हजरजबाबीपणाची परीक्षा आहे, ज्याला चुरचुरीत वाक्य चटकन सुचते तो पास आणि ज्याला सुचत नाही तो नापास, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ज्यांनी या कलेचे शिक्षण घडवले त्यांचा रोख अगदी उलट दिशेला होता. कीथ जॉनस्टन हे १९३३ साली जन्मलेले ब्रिटिश नाट्यशिक्षक. आधी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि पुढे कॅनडातल्या कॅलगरी शहरात शिकवताना ते विद्यार्थ्यांना हेच सांगत राहिले, की काही वेगळे, चमकदार सुचवण्याचा खटाटोप सोडा आणि जे अगदी साहजिक वाटते तेच बोला. आपल्याला साहजिक वाटणारी गोष्ट दुसऱ्याला तशी वाटेलच असे नाही, कारण आपण ज्या घरात वाढलो, जी माणसे पाहिली, त्यांतून ती आलेली असते.

याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ येत असत. पहिल्या प्रसंगाच्या वेळी ते मनाशी किराणा दुकानदार व्हायचे ठरवून उभे राहिले होते. गल्ल्यावर ठेवावा तसा हात त्यांनी पुढे धरला होता. समोरून आलेली मुलगी मात्र येता येताच म्हणाली, ‘डॉक्टर, आमची गाय सकाळपासून उठेना झालीय.’ गृहस्थ गप्प झाले. चार-पाच सेकंद गेले, आणि सगळे पाहत असताना तेवढा वेळ फार मोठा असतो. मग त्यांनी गल्ल्यावरचा हात काढून घेतला, गुडघे दुखत असल्यामुळे तो मांडीवर टेकवत हळूहळू खाली बसले, रिकाम्या फरशीवरून पाय उचलून धरल्यासारखे करून खुरावर अंगठा फिरवला आणि विचारले, ‘व्याली कधी?’ त्या दोन शब्दांत विनोद नव्हता की चमत्कृती नव्हती. पण खोलीतल्या चौदाही जणांना त्या क्षणी गाय दिसली. मुलगीही खाली बसली आणि नसलेल्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘परवा रात्री.’ पुढची पाच मिनिटे कोणी हलले नाही. व्याल्यावर एखादी गाय अशी बसून राहते हे त्या गृहस्थांनी लहानपणी गोठ्यात पाहिले होते, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हेच ते इतक्या वर्षांत विसरून गेले होते.

आपण लाभ विचारला आहे. माझ्या मते तो याच प्रसंगात आहे. भीती वाटत असते तेव्हा आपले सगळे लक्ष स्वतःवर असते : मी कशी दिसते, माझा आवाज कापतो आहे का, लोक काय म्हणतील. उत्स्फूर्त प्रसंगात एवढी सवड मिळत नाही, कारण पुढचे वाक्य आपल्याजवळ नसतेच. ते समोरच्याच्या बोलण्यात, त्याच्या उभे राहण्यात, त्याने घेतलेल्या श्वासात असते, आणि ते मिळवायचे तर त्याच्याकडे पाहावे लागते, त्याचे वाक्य संपेपर्यंत ऐकावे लागते. लक्ष असे स्वतःवरून उठून समोरच्यावर गेले की भीतीला खायला फारसे काही उरत नाही. ती नाहीशी होते असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला आजही सुरुवातीचे अर्धे मिनिट छातीत धडधडते. पण सातवीतल्या त्या मुलीची अडचण अशी होती की तिला एकच बरोबर वाक्य माहीत असणे भाग होते आणि ते निसटले की हातात काहीच नव्हते. इथे विसरण्याजोगे वाक्यच नसते. चूक झालीच तर ती पुढच्या माणसासाठी सामग्री ठरते. कोणी गडबडीत भावाला ‘आई’ म्हटले, तर त्या घरात भाऊच सगळ्यांची आई होऊन राहिला आहे, अशी कथा तिथून सुरू होऊ शकते.

आता ‘सांगाल तसे’ याविषयी. या वर्गांत पहिल्याच दिवशी ‘हो, आणि’ हा नियम शिकवतात. समोरच्याने जे मांडले ते खरे धरायचे आणि त्यात आपली काही भर घालायची. गाय आहे म्हटले की गाय आहे. ‘गाय कुठली, हे तर किराणा दुकान’ असे म्हटले की प्रसंग तिथेच मान टाकतो. आपल्या स्वभावाला हे सोपे जाईल असे आपल्याला वाटत असेल, पण मला तसे वाटत नाही. ‘हो’ आपण कित्येक वर्षे म्हणत आला आहात. आपल्यासाठी नवे आहे ते ‘आणि’. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अनेक स्त्रिया माझ्या वर्गात समोरच्याचे सगळे फार सुंदर स्वीकारतात आणि मग प्रसंग त्यानेच पुढे न्यावा म्हणून थांबून राहतात. स्वतःची एक गोष्ट मध्ये ठेवायला त्यांना आठवडेच्या आठवडे लागतात. मग एखाद्या रविवारी त्यांतली एखादी म्हणते, ‘हो, गाय आजारी आहे, आणि बरी झाली की मी ती विकून स्वतःसाठी शिलाई यंत्र घेणार आहे.’ हे वाक्य बोलताना तिचा आवाज बदललेला असतो. मी या वर्गांवर इतका जीव टाकते त्याचे कारण तो आवाज आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुष्कळजण तिथे गोंधळतात. स्वीकार करायचा तो प्रसंगातल्या वस्तुस्थितीचा, समोरच्या पात्राच्या मागणीचा नव्हे. मुलगी म्हणाली, ‘आई, मी नोकरी सोडली’, तर नोकरी सुटली हे खरे धरायचे. त्यावर आई संतापू शकते, रडू शकते, दार लावून घेऊ शकते. प्रत्यक्ष आयुष्यात सर्वांना सगळे ‘हो’ म्हणावे, असा याचा अर्थ कुणी सांगू लागला तर तो मानू नये.

सुरुवातीच्या खेळांपैकी मला सर्वांत प्रिय आहे तो एकेका शब्दाची गोष्ट. गोल करून बसायचे, प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा आणि सर्वांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. मराठीत या खेळाला एक वेगळीच गंमत येते, कारण आपली कितीतरी विशेषणे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. ‘एका’, ‘गावात’, ‘एक’ असे तिघांनी म्हटले आणि चौथ्याने ‘जुनी’ म्हटले, की पाचव्याच्या मनात तयार असलेला वाडा त्या क्षणी निकामी होतो. त्याला विहीर, वेस, गढी असे काहीतरी आणावेच लागते. शिवाय आपले क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ती विहीर आटली, सापडली की बोलू लागली, हे कोणाच्या वाट्याला येणार ते बराच वेळ कळत नाही. मनात धरलेले सोडून द्यायचे आणि जे आले त्यातून पुढे जायचे, ही सवय इथे कुणीही उपदेश न करता लागते. हिशेबाच्या कामात वर्षानुवर्षे सगळे आधी जुळवून ठेवणाऱ्या आपल्यासारख्या व्यक्तीला पहिल्या दिवशी हे अवघड जाईल, पण तितकाच मोकळेपणाही देईल.

या अनुभवाला संशोधनाचाही थोडा आधार आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, केवळ वीस मिनिटे उत्स्फूर्त खेळ खेळलेल्या व्यक्तींची तुलना तेवढाच वेळ लिहिलेल्या संहितेनुसार काम केलेल्या व्यक्तींशी करण्यात आली. एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधण्याची क्षमता, अनिश्चितता सहन करण्याची तयारी आणि मनाची प्रसन्नता या तिन्ही बाबतींत उत्स्फूर्त खेळांचा परिणाम अधिक चांगला दिसला. हे मोजमाप खेळांनंतर लगेचच केलेले होते, त्यामुळे त्यावरून आयुष्यभराच्या बदलाचा दावा करणे योग्य नाही. अभिनेते अ‍ॅलन अल्डा यांच्या प्रेरणेने २००९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात एक केंद्र सुरू झाले. तिथे शास्त्रज्ञांना हेच खेळ शिकवतात, ते त्यांनी नट व्हावे म्हणून नव्हे, तर आपले बोलणे समोरच्यापर्यंत पोहोचते आहे की नाही, हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावर वाचता यावे म्हणून.

जाताना सैल, अंगाला सोयीचे कपडे घालावेत आणि घरून काहीही ठरवून नेऊ नये. वर्ग घेणाऱ्यांना आधी एवढे जरूर विचारावे की शेवटी प्रेक्षकांसमोर प्रयोग करणे सक्तीचे आहे का, आणि प्रसंगात एकमेकांना स्पर्श करण्याविषयी गटाचा नियम काय आहे. या प्रश्नांनी जो शिक्षक वैतागेल, त्याच्याकडे जाऊ नये. नवख्या माणसाच्या फजितीवर हशा घेणाऱ्या शिक्षकाकडे तर मुळीच जाऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो. तोवर घरी मुलीबरोबर भेटवस्तूचा खेळ खेळून पाहावा. एकीने रिकाम्या हातांनी खोके पुढे करायचे. ते केवढे आहे, जड आहे की हलके, हे फक्त हातांवरून कळू द्यायचे. दुसरीने ते घ्यायचे, उघडायचे आणि आत काय आहे ते तिनेच सांगायचे. देणारीने लगेच म्हणायचे, ‘हो, आणि ते मी तुझ्यासाठी आणले, कारण...’ रोज पाच मिनिटे पुरे.

प्रश्न : आमच्या भागात दशावतारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या संहितेवाचून रात्रभर नाटक करत आली आहेत. असे असताना परदेशातून आलेले खेळ पैसे भरून शिकण्याची गरज काय?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आपल्या प्रश्नामागचा अभिमान रास्त आहे आणि मीही त्यात सहभागी आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर होणाऱ्या दशावतारात त्या रात्रीचे आख्यान आणि पात्रांची वाटणी तेवढी ठरते. त्यानंतर राजा, राक्षस, ऋषी, राणी आपापली वाक्ये रंगमंचावर उभी राहूनच रचतात. आरंभी येऊन हसवणाऱ्या संकासुर या राक्षसाचे बोलणे तर समोर बसलेल्या माणसांवरच उमलत जाते. तमाशातली बतावणी आणि वगही दीर्घकाळ असेच उभे राहिले, आणि सोंगाड्याची खरी कसोटी तिथेच लागत असे. तेव्हा ही कला आपल्याला कुणी बाहेरून आणून दिली, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

परंतु दशावतारी नट मोकळ्या हाताने उभा राहत नाही. पुराणातल्या कथा त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेल्या असतात, राजाने कसे चालावे आणि राक्षसाने आरोळी कशी ठोकावी हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते, पेटीवाला कुठल्या शब्दावर सूर देणार हे त्याला ठाऊक असते. ख्याल गाणाऱ्याची उपज जशी रागाच्या आणि तालाच्या भक्कम आधारावर येते, तशीच ही आहे. शहरात रविवारी सकाळी एकत्र येणाऱ्या बारा-पंधरा अनोळखी माणसांपाशी असा कुठलाही समाईक आधार नसतो. आधुनिक खेळ जन्मले तेच ही उणीव भरून काढण्यासाठी. शिकागोतल्या हल हाऊस या समाजसेवेच्या केंद्रात नीव्हा बॉइड यांच्याकडे खेळांचे शिक्षण घेतलेल्या वायोला स्पोलिन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना हे खेळ रचायला सुरुवात केली. त्या मुलांच्या घरच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या, आणि एकत्र आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खेळ. पुढे त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांच्या सहभागाने १९५९ साली त्याच शहरात ‘सेकंड सिटी’ ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि तिथून हे खेळ जगभर गेले.

आपण कुडाळला राहता, म्हणजे दोन्ही गोष्टी आपल्या हाताशी आहेत. पुढच्या जत्रेत नाटक पाहताना आपण एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे : पुढच्या पात्राचा वेश पुरा झालेला नसताना रंगमंचावरचे दोघे संवाद कसा लांबवतात, आणि त्या वेळी ते प्रेक्षकांकडे पाहतात की एकमेकांकडे. नवशिक्याने शिकावे असे पुष्कळ काही त्या पाच मिनिटांत असते.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून नोकरीसाठी पुण्यात आलो. घरी आम्ही अहिराणी बोलतो. इथल्या एका गटात जाऊ लागलो आहे, पण प्रसंगात बोलताना मी आधी मनात पुणेरी मराठीत वाक्य जुळवतो आणि तोवर वेळ निघून जातो. काय करावे?
(एक वाचक, मूळ गाव धुळे जिल्ह्यातील)

उत्तर : अहिराणीत बोलावे. गटाला ती सगळीच कळणार नाही, पण प्रसंग शब्दांच्या बराच आधी कळलेला असतो.

माझ्या वर्गातल्या आपल्याच भागातल्या एका मुलाला आईशी दूरध्वनीवर बोलायचे होते. प्रमाण मराठीत त्याने ‘माझ्या आईला’ काय काय सांगायचे आहे ते व्यवस्थित सांगितले आणि कुणालाही काही वाटले नाही. मी त्याला म्हटले, ‘घरी जसे बोलतोस तसे बोल.’ तो भिंतीकडे वळला, आवाज खाली आला आणि ‘मन्ही माय’ म्हणताच त्याचा खांदा सैल पडलेला सगळ्यांना दिसला. बोली शरीरात राहते. वाक्याचे भाषांतर करत बसलेला माणूस समोरच्याचे ऐकू शकत नाही, आणि ऐकणे गेले की या कलेत बाकी काहीच करता येत नाही.

आपल्या भाषेची आणखी एक देणगी वापरायला शिकावे. आत येणाऱ्याने पहिला शब्द ‘अहो’ उच्चारला की ‘अगं’, ‘तू’ म्हटले, ‘तुम्ही’ म्हटले की ‘आपण’, एवढ्यावर दोघांचे वय, नाते, मान आणि बऱ्याचदा भांडणही उभे राहते. इंग्रजीत प्रसंग करणाऱ्यांना यासाठी दोन-तीन वाक्ये खर्च करावी लागतात. एका जोडीने संपूर्ण प्रसंग केवळ ‘अहो’पासून ‘अरे’पर्यंत नेलेला मी पाहिला आहे, मध्ये एका जुन्या मित्राची ओळख पटली, एवढेच घडले होते. गटाला मात्र एक गोष्ट सांगून ठेवावी, आणि शिक्षकानेही ती पाळावी : गावाकडची बोली केवळ हशा मिळवण्यासाठी वापरायची नाही. अहिराणी बोलणारा न्यायाधीशही असतो, शल्यविशारदही असतो आणि प्रेमात पडलेला तरुणही असतो.

प्रश्न : माझी १५ वर्षांची मुलगी अनोळखी लोकांशी बोलत नाही, वर्गात प्रश्न विचारला तरी गप्प बसते. अशा शिबिरात घातल्यास ती बरी होईल का?
(एक पालक, बेळगाव)

उत्तर : अबोल असणे हा आजार नाही, त्यामुळे ‘बरी होईल का’ हा शब्दप्रयोग मला बोचला, हे प्रामाणिकपणे सांगते. मात्र शाळेत जायच्या वेळी पोटात दुखणे, झोप न लागणे, मैत्रिणींनाही टाळणे असे काही होत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. नाट्यशिक्षक त्यांची जागा घेऊ शकत नाही. डेट्रॉइट शहरातल्या शाळांमध्ये दहा आठवडे चाललेल्या अशा वर्गांनंतर, सुरुवातीला लोकांसमोर जाण्याची तीव्र भीती असलेल्या मुलांची भीती कमी झाल्याचे २०१९ सालच्या एका अभ्यासात नोंदवले आहे. ही आशादायक बाब आहे, पण ती उपचाराच्या जोडीची आहे.

मुलीची इच्छा असेल तरच न्यावे. लहान गट निवडावा, आणि तिला पहिल्या दिवशी नुसते बसून पाहू द्यावे असे शिक्षकांना आधी सांगून ठेवावे; पुष्कळ मुले दुसऱ्या तासाला आपण होऊन उठतात, काहींना महिना लागतो. घरी आल्यावर ‘आज काय केलेस, करून दाखव’ असे मात्र म्हणू नये. एखाद्या रात्री जेवण झाल्यावर ती आपण होऊन रिकाम्या हातांनी खोके आपल्यापुढे धरेल, तेव्हा ते दोन्ही हातांनी घ्यावे. आत काय आहे हे तिला विचारू नये. उघडून आपण सांगावे.